कुरळे केस : जीनत हवी, इसराफ नको

लग्नसराई जवळ आली की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या ब्युटी पार्लरांत स्मूदनिंग आणि केराटिनसाठी मुलींची रांग लागते. त्यांत आपल्या घरांतल्या मुलीही असतात. कुणाला शाळेत 'मॅगी' म्हणून चिडवलेले असते, कुणाला बघायला आलेल्या पाहुण्यांनी केसांवरून टोमणा मारलेला असतो, तर कुणाला रोज सकाळी विंचरताना आईच 'कुठून आणलेस हे जंगल' म्हणत आलेली असते. मग हजारो रुपये मोजून चार-सहा महिन्यांसाठी केस सरळ करून आणले जातात. मुळांशी नवे केस येतात ते पुन्हा कुरळेच, आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-आराफच्या एकतिसाव्या आयतीत अल्लाहने आदमच्या लेकरांना नमाजच्या प्रत्येक वेळी आपली जीनत धारण करण्यास सांगितले आहे. त्याच आयतीत पुढे खा, प्या, पण इसराफ करू नका, म्हणजे मर्यादा सोडून उधळपट्टी करू नका, अशीही आज्ञा आहे. सजणे आणि जपून वापरणे या दोन गोष्टी एकाच आयतीत आल्या आहेत. केसांच्या बाबतीत आपण मात्र दोन टोके गाठतो. एक तर केसांकडे लक्षच देत नाही, नाहीतर पैसा, पाणी आणि प्रकृती तिन्ही उधळतो. कुरळे केस आहेत तसेच ठेवून, आपल्या जिल्ह्यात पिकणाऱ्या आणि घरात असलेल्या वस्तूंनी त्यांची निगा कशी राखता येईल, ते या लेखात पाहू.

कुरळे केस कोरडे का पडतात?

केस कुरळा होतो तो त्वचेखालच्या मुळाच्या आकारामुळे. सरळ केसाचे मूळ सरळ असते आणि केसाचा काप साधारण गोल दिसतो. कुरळ्या केसाचे मूळ वाकलेले असते आणि त्याचा काप चपटा, लांबट गोल असतो. म्हणजे हा दोष नाही आणि आजारही नाही. ही निर्मात्याने दिलेली ठेवण आहे आणि ती बहुधा आई-वडिलांकडून, आजी-आजोबांकडून येते.

या ठेवणीमुळे दोन गोष्टी घडतात. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते, पण कुरळ्या केसाच्या वळणांवर अडते. म्हणून टाळू तेलकट आणि टोके कोरडी असा प्रकार दिसतो. दुसरे म्हणजे, केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. प्रत्येक वळणावर ते थोडे उचललेले राहतात, तिथून ओलावा निघून जातो आणि ओढले की केस तिथेच तुटतो. कुरळ्या केसांची सारी निगा या दोन गोष्टींभोवती फिरते. ओलावा टिकवायचा आणि ओढाताण टाळायची.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या केसांचे वर्णन हजरत अनस (रजि.) यांनी केले आहे. ते फार कुरळेही नव्हते आणि अगदी सरळही नव्हते, असे सहीह बुखारीत नोंदलेले आहे. ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा, अशा अर्थाची हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आहे. त्याच ग्रंथात रोजच्या रोज विंचरण्यात गुंतून राहण्यापासून रोखणारी आणि एखादा दिवस आड करून विंचरण्याची सवलत देणारी हदीसही आहे. निगा राखा, पण तिच्या आहारी जाऊ नका, हा तिचा आशय. कुरळ्या केसांसाठी तर हा सल्ला तंतोतंत लागू पडतो, कारण कोरडे असताना रोज विंचरले की ते तुटतात आणि पिंजल्यासारखे फुगतात.

सरळ करण्याची खरी किंमत

पार्लरमधल्या अनेक स्मूदनिंग आणि केराटिन उपचारांत फॉर्माल्डिहाइड, किंवा तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सोडणारे पदार्थ वापरलेले असतात. हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. बाटलीवर 'फॉर्माल्डिहाइड मुक्त' असे छापलेले असले तरी निर्धास्त होऊ नये. २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असाच दावा करणाऱ्या एका प्रसिद्ध उत्पादनाला इशारा दिला होता, कारण त्यातला मेथिलीन ग्लायकॉल हा घटक गरम इस्त्री फिरवली की फॉर्माल्डिहाइड सोडत होता.

अमेरिकेत सुमारे ३४ हजार स्त्रियांवर जवळपास ११ वर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासाचा अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के दिसले. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा ती वापरणाऱ्यांत ते ४.०५ टक्के होते. याचा अर्थ एकदा केस सरळ केले की कर्करोग होतोच असा नाही. पण पुन्हा पुन्हा करण्यात जोखीम आहे, हे समजण्याइतका पुरावा समोर आला आहे.

फॉर्माल्डिहाइडऐवजी आता काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. २०२४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २६ वर्षांच्या एका तरुणीची हकिकत आली. तिने तीनदा असा उपचार करून घेतला आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तिच्या क्रीममध्ये हे आम्ल १० टक्के होते.

आणखी एका स्त्रीचा विचार आपण क्वचितच करतो. आपण वर्षातून दोनदा जातो, पण पार्लरमध्ये काम करणारी मुलगी बंद खोलीत, एसी लावून, रोज तोच धूर श्वासात घेते. घर चालवण्यासाठी ती हे काम करते. आपल्या हौसेची किंमत तिच्या फुप्फुसांनी का मोजावी, हाही प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

जिल्ह्याचे पाणी

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातून येणाऱ्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. पातेल्याला आणि गीझरला धरणारा पांढरा थर तो हाच. अशा जड पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. कोरडे, खरबरीत, निस्तेज केस म्हणून आपण जे म्हणतो त्यात या साक्याचा वाटा मोठा असतो. म्हणून अंगाचा साबण केसांना लावू नये. केस धुऊन झाल्यावर एक लिटर पाण्यात अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस किंवा एक चमचा सिरका घालून ते केसांवरून सोडावे आणि दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावे. लिंबाचा रस नुसता, पाण्याशिवाय लावू नये. त्याने टाळूची आग होते. खायचा सोडाही लावू नये, तो केसाचे खवले उघडतो.

पावसाळ्यात तर आपल्याला फुकटचे मऊ पाणी मिळते. पहिल्या एक-दोन पावसांत छत धुऊन जाऊ द्यावे. नंतरचे पाणी फडक्यातून गाळून झाकणाच्या ड्रममध्ये साठवले तर केस धुण्यासाठी त्याच्यासारखे पाणी नाही.

उन्हाळ्यात आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या कितीतरी घरांत हंडा-हंडा पाण्याचा हिशोब असतो. प्रेषित (स.) एक मुद पाण्याने वुजू आणि एक साअ ते पाच मुद पाण्याने गुस्ल करीत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ आणि साअ म्हणजे अशा चार ओंजळी. शॉवरखाली पंधरा मिनिटे उभे राहणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा. कुरळ्या केसांचे एक बरे असते. ते आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा धुतले तरी पुरते. बादली आणि मग वापरला तर पाण्यावर आपला ताबाही राहतो.

शिकेकाई, रिठा आणि शाम्पू

'शाम्पू' हा शब्द मुळात आपलाच आहे. चांपणे, चंपी यांवरून तो इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन मुहम्मद यांनी इंग्लंडच्या ब्रायटन गावात चंपी-स्नानगृह थाटले आणि पुढे ते दोन इंग्रज राजांचे 'शाम्पूइंग सर्जन' झाले. शाम्पूची छोटी पुडी मात्र अगदी अलीकडची. १९८३ साली तमिळनाडूतून आलेल्या चिक शाम्पूने ती खेडोपाडी पोहोचवली. त्यामुळे गरिबाच्या घरीही शाम्पू आला, हे खरे. पण ती पुडी अनेक थरांच्या प्लास्टिकची असते. भंगारवाला ती घेत नाही आणि ती नालीतून धाम किंवा वेणा नदीत जाते. शाम्पू वापरायचाच असेल तर महिन्याची एक मोठी बाटली घ्यावी. घरातल्या पाच जणांच्या कितीतरी पुड्या वाचतात. कुरळ्या केसांसाठी सल्फेट नसलेला किंवा सौम्य शाम्पू बरा. तो फक्त टाळूला लावावा. धुताना उतरणारा फेस टोकांना पुरेसा होतो. त्यानंतर कंडिशनर मात्र टाळूला न लावता मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावावा. ओल्या केसांतला गुंता सोडवायची हीच वेळ. मोठ्या दातांचा लाकडी कंगवा घ्यावा आणि टोकाकडून सुरुवात करून वर यावे.

घरगुती धुण्याचे प्रमाण असे : शिकेकाई ५० ग्रॅम, वाळलेला आवळा २५ ग्रॅम, बी काढलेले ४-५ रिठे, एक चमचा मेथी. सर्व एक लिटर पाण्यात रात्रभर लोखंडी नसलेल्या भांड्यात भिजत घालावे. सकाळी मंद आचेवर उकळून, थंड झाल्यावर हाताने कुस्करून, पातळ फडक्यातून दोनदा गाळावे. हे पाणी दोन-तीन दिवसच टिकते. रिठ्याचे प्रमाण वाढवू नये, कारण तो तेल फार ओढतो आणि कुरळे केस झाडूसारखे होतात. डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते. म्हणून लहान मुलांचे केस धुताना कपाळावर कपडा बांधावा.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र समजू नये. रिठा-शिकेकाईत फेस आणणारे सॅपोनिन असते आणि ते माशांना मारक असते. हे पाणी विहिरीकाठी किंवा तळ्यात सोडू नये. अंगणातल्या मेंदीच्या, लिंबाच्या आळ्यात ओतावे.

मगनवाडीची घाणी आणि आपले तेल

तेलाच्या बाबतीत वर्ध्याला एक परंपरा आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. गिरण्यांच्या तेलापुढे गावचा तेली उपाशी मरत होता. तेव्हा झवेरभाई पटेल यांनी इथे बैलघाणीचा अभ्यास करून तिच्यात सुधारणा केल्या. कमी श्रमात जास्त तेल देणारी ही घाणी मगनवाडी घाणी किंवा वर्धा घाणी म्हणून देशभर ओळखली गेली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालय सुरू झाले, ते आजही पाहता येते.

आज शहरांतल्या दुकानांत 'कोल्ड प्रेस्ड' म्हणून बारीक बाटलीत महाग विकले जाते, ते तेल साधारण हेच. लाकडी घाणीत तेल फार तापत नाही, म्हणून त्याचा वास आणि गुण टिकतात. गावातल्या घाणीवर स्वतःची बरणी घेऊन जावे. तेल ताजे मिळते, प्लास्टिक वाचते आणि पैसा गावातच राहतो.

कोणते तेल घ्यावे? धुण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले. सूर्यफूल आणि खनिज तेलात हा गुण आढळला नाही. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री किंवा दोन तास आधी केसांच्या लांबीला खोबरेल लावावे. आपल्याकडचे तिळाचे किंवा करडीचे तेल दोन-चार थेंब तळहातावर चोळून ओलसर टोकांना लावले तर केसांचे घर्षण कमी होते आणि गुंता सहज सुटतो. मात्र टाळूवर कोंडा असेल तर तिथे तेल थापू नये. कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच जगते.

जवसाचे जेल

कुरळ्या केसांना आकार देण्यासाठी बाजारात शेकडो रुपयांची जेल मिळतात. परदेशात आणि मोठ्या शहरांत मुली आता ज्या 'फ्लॅक्ससीड जेल'च्या मागे आहेत, ते म्हणजे आपले जवस. विदर्भात जवसाची चटणी ज्या घरात होत नाही असे घर विरळाच.

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. मंद आचेवर सतत ढवळत सात ते दहा मिनिटे उकळावे. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटू लागली की लगेच गॅस बंद करावा. गरम असतानाच जुन्या मलमलच्या ओढणीच्या तुकड्यातून गाळावे. थंड झाल्यावर जेल इतके घट्ट होते की गाळता येत नाही. काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवले तर आठवडाभर टिकते. वर्ध्याच्या मे महिन्यात बाहेर राहिले तर दुसऱ्याच दिवशी आंबते. जास्त केले असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवावे आणि लागेल तशी एक-दोन वडी काढावी. गाळून उरलेले जवस कणकेत मळावे किंवा कोंबड्यांना घालावे.

लावण्याची पद्धत महत्त्वाची आहे. केस धुऊन चांगले ओले असतानाच जेल हातावर पसरून लांबीला लावावे. मग टोकाकडून मुठीत धरून वर टाळूकडे दाबत न्यावे. केस आपोआप वळतात. नंतर हात लावू नये, पूर्ण वाळू द्यावे. वाळल्यावर ते जरा कडक लागतात. तेव्हा तळहाताला एक थेंब तेल चोळून हलकेच मोकळे करावेत. घरात जवस नसेल तर जास्वंदीची पाने किंवा भेंडी पाण्यात चुरून निघणारा बुळबुळीत रसही चालतो. कोरफड वापरायची तर पान कापून आधी पिवळा चीक गळू द्यावा, त्याने अनेकांना खाज येते. कोणतीही नवी वस्तू आधी कोपरापाशी लावून एक दिवस पाहावे.

केस पुसायला खरबरीत टॉवेल नको, जुना सुती टी-शर्ट किंवा धोतराचा मऊ तुकडा घ्यावा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात थेट लिव्हरपूलच्या बाजारात घेतले जात होते. त्या जिल्ह्यात राहून मायक्रोफायबरचा टॉवेल ऑनलाइन मागवण्याचे कारण नाही. चोळण्याऐवजी केस कपड्यात धरून दाबावेत. रात्री उशीवर मुलींनी आईची जुनी रेशमी ओढणी पसरली तर केस घासले जात नाहीत. रेशीम पुरुषांना मना असल्याने मुलांच्या उशीला मऊ मलमल घालावी.

ऋतूप्रमाणे बदल

उन्हाळा : मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. बाहेर पडताना डोक्यावर सुती ओढणी किंवा रुमाल हवाच. घामामुळे टाळू खाजते, म्हणून रोज शाम्पू करण्याचा मोह होतो. त्याऐवजी नुसत्या पाण्याने टाळू धुवावी. ग्लिसरीन असलेली क्रीम आणि जेल या दिवसांत टाळावीत. हवेत ओलावाच नसला की ती केसातला ओलावा ओढून घेतात. जवसाच्या जेलवर तिळाच्या तेलाचे दोन थेंब लावले की ओलावा टिकतो. ड्रायरची तर गरजच नाही.

पावसाळा : हवेतला दमटपणा केसात शिरतो, केस फुगतो आणि वळणे विसकटतात. या काळात तेल कमी, जेल थोडे जास्त असे प्रमाण ठेवावे. केस पूर्ण वाळल्याशिवाय बांधू नयेत. पावसात भिजून आल्यावर ओल्याच केसांची घट्ट वेणी घातली तर कुबट वास येतो आणि टाळूला बुरशी धरते. धुण्यासाठी साधा दुपारचा वेळ निवडावा, रात्रीचा नको.

ऑक्टोबरची उष्णता : दिवसा ऊन आणि रात्री गारवा. या दिवसांत टोके सर्वात जास्त फाटतात. दर तीन-चार महिन्यांनी अर्धा-पाऊण इंच टोके कापायची असतील तर हा काळ चांगला.

हिवाळा : डिसेंबर-जानेवारीत कढत पाण्याने डोके धुण्याची सवय केसांचे सर्वात जास्त नुकसान करते. पाणी कोमटच असावे. आठवड्यातून एकदा धुणे पुरे. आदल्या रात्री खोबरेल कोमट करून लावावे. लोकरी टोपी केसांना घासते, म्हणून तिच्या आत पातळ सुती कापड लावावे.

ओढणी, वुजू आणि गुस्ल

दिवसभर डोके झाकून राहणाऱ्या मुलींची एक तक्रार नेहमी ऐकू येते : ओढणीमुळे केस गळतात. केस ओढणीने गळत नाहीत, तिच्या आत रोज एकाच जागी घट्ट आवळलेल्या अंबाड्याने गळतात. कपाळाकडची केसांची रेषा त्यामुळे मागे सरकू लागते. अंबाडा सैल आणि खाली, मानेजवळ बांधावा आणि त्याची जागा बदलत राहावी. रबरऐवजी कापडी बँड वापरावा. आतली टोपी सिंथेटिकऐवजी सुती असावी आणि ती दर दोन दिवसांनी धुवावी. वुजूनंतर डोक्यावर ओलावा असेल तर दोन मिनिटे वारा लागू द्यावा आणि मगच ओढणी घ्यावी.

कुरळ्या केसांच्या स्त्रियांना गुस्लची काळजी वाटते, कारण एकदा घातलेली वेणी सोडून पुन्हा घालणे म्हणजे तासाभराचे काम. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी नेमका हाच प्रश्न प्रेषितांना (स.) विचारला होता. जनाबतच्या गुस्लसाठी घट्ट वेणी सोडण्याची गरज नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी घालून मग सर्वांगावर पाणी ओतणे पुरेसे आहे, असे उत्तर त्यांना मिळाले, हे सहीह मुस्लिममध्ये आहे. पाणी मुळांपर्यंत पोहोचायला हवे, एवढे पाहावे. जवसाचे जेल पाण्याने विरघळते आणि ते मुळांना लावायचेही नसते. जाड थर धरणाऱ्या इतर उत्पादनांविषयी शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

मेंदीतही पारख हवी

मेंदी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. खरी मेंदी केसाला तांबूस रंग आणि थोडा भरीवपणा देते, पण कुरळे केस तिने कोरडे होतात. म्हणून ती दह्यात भिजवावी, शेवटी चमचाभर तेल घालावे आणि दोन-तीन महिन्यांतून एकदाच लावावी. अर्ध्या तासात काळाभोर रंग देणारी 'काळी मेंदी' ही नुसती मेंदी नसते. तिच्यात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते, ज्याने काहींच्या डोळ्यांना आणि चेहऱ्याला भयंकर सूज येते. पाकिटावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय लग्नघरात ते पाकीट उघडू नये.

केस गळत असतील तर

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडू लागले. आधी शाम्पूवर आणि पाण्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीनंतर गव्हातील जास्त सेलेनियमकडे बोट दाखवले. यातून घेण्यासारखा धडा हा की केसांचे कारण दर वेळी डोक्यावर नसते, ते ताटातही असू शकते.

आपल्या घरांत याहून साधे आणि जास्त आढळणारे कारण म्हणजे रक्ताची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत ती आढळली. बाळंतपणानंतर, थायरॉइड बिघडल्यावर, मोठ्या तापानंतरही केस जातात. मुठीने केस येत असतील, गोल चट्टे पडले असतील किंवा टाळू सोलत असेल तर जेल-तेलात महिने घालवू नयेत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी मेघेच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात त्वचारोग विभागाला दाखवावे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेले जेवणाऱ्या बाईच्या केसांना कोणतेही तेल पुरे पडत नाही.

मुलींशी बोलताना

वर सांगितलेल्या सगळ्यांचा महिन्याचा खर्च पावशेर जवस, थोडी शिकेकाई आणि बरणीभर तेल एवढाच आहे. फरक पडायला मात्र दोन-तीन महिने लागतात, कारण आधी तापवून, ओढून बिघडलेली टोके हळूहळू कापली जावी लागतात. आणि हे सर्व करूनही केस सरळ होणार नाहीत, ते निरोगी कुरळे होतील. घरातल्या मोठ्यांनी हे आधी स्वतः मान्य केले तरच मुलीला ते पटेल.

कुरळ्या केसांची मुलगी हट्टी असते, अशी समजूत आपल्याकडे अजून बोलली जाते. तिला कसलाही आधार नाही, ना विज्ञानात, ना दीनमध्ये. वधू पाहायला जाताना केसांवर शेरे मारणे हे तर अल्लाहने घडवलेल्या रूपाला नावे ठेवणे झाले. अम्मी, दादी, फूफी यांच्या तोंडून लहानपणी ऐकलेले शब्द मुलगी आरशासमोर उभी राहते तेव्हा पुन्हा ऐकू येतात. सकाळी शाळेच्या घाईत कोरडे केस ओढत रागावण्यापेक्षा जुम्याच्या दिवशी अर्धा तास काढून तिचे केस धुऊन द्यावेत आणि टोकाकडून सावकाश गुंता सोडवावा. जेल कसे लावायचे ते दाखवावे, भावालाही शिकवावे. मग येत्या ईदला ती पार्लरसाठी पैसे मागेल की नाही, हे तिच्यावर सोडावे. बहुतेक वेळा ती मागणार नाही.